साथीदाराचा हिशेब

बाहेरगावचा नावाजलेला गायक किंवा वादक यवतमाळला येतो, गावातल्या वाद्यवृंदाला साथीला घेऊन दोन तास रंगत आणतो आणि रात्रीच्या गाडीने निघून जातो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून संयोजकांच्या बैठकीपर्यंत एकच वाक्य फिरते : "एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पोरांना संधी दिली." हे वाक्य कृतज्ञतेचे आहे, आणि म्हणूनच त्यातील हिशेबाची चूक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाहुण्याने संधी दिली हे खरे. पण त्या दोन तासांत गावच्या पेटीवाल्याने, ढोलकीवाल्याने, ऑक्टोपॅड वाजविणाऱ्या मुलाने जे दिले ते कोणत्या वहीत लिहावयाचे? पाहुण्याची बिदागी ठरलेली असते, तिचा इसार आधीच पोहोचलेला असतो. साथीदाराच्या नावापुढे मात्र पुष्कळदा 'शाल व श्रीफळ' एवढीच नोंद असते.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. कापसाचा पडलेला भाव आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तेथे बारमध्ये वाजविणाऱ्यांच्या मजुरीची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याला उत्तर असे की, हे वादक त्याच जिल्ह्याचे आणि त्याच अर्थव्यवस्थेतले आहेत. कापसाचा पैसा हाती आला की लग्नाचे बस्ते निघतात आणि बस्ते निघाले की बँड पार्टीला सुपारी मिळते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. अशा वर्षी लग्ने आटोपशीर होतात आणि क्लॅरिनेटवाल्याच्या घरची चूलही मंदावते. शेतमजुराला निदान रोजगार हमीच्या कामावर आपली हजेरी लावून घेता येते. वादनाच्या श्रमाची हजेरी मांडणारे पत्रक अद्याप कोणी छापलेले नाही.

सप्ताहातील शाळा

जाणत्या कलावंताच्या शेजारी बसून स्थानिकाने शिकावे, ही रीत काही क्लबांनी आणि बारांनी आणलेली नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या भागातील कोणत्याही मोठ्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला की ती पाहावयास मिळते. सप्ताहात रोज रात्री निराळा कीर्तनकार उभा राहतो. प्रत्येकाची चालीची आवड निराळी, लय निराळी, अभंग सोडून दृष्टान्तात शिरण्याची आणि दृष्टान्तातून पुन्हा ध्रुपदावर येण्याची तऱ्हा निराळी. पण मागे उभे असलेले टाळकरी बहुधा गावचे किंवा पंचक्रोशीतलेच असतात, आणि अनेक ठिकाणी पखवाजीही तेथलाच असतो. म्हणजे सात दिवसांत सात जाणत्यांच्या हाताखालून तो एकच पखवाजी जातो. कीर्तनकाराने बोलणे थांबवून नुसता हात वर केला की कोणत्या मात्रेला थाप पडली पाहिजे, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवीत नाही. पहिल्या रात्री थाप चुकते. कीर्तनकार हसून पुन्हा चरण घेतो. चौथ्या रात्री ती चुकत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी याच रीतीला विदर्भात निराळे वळण दिले. गावोगावच्या भजनी मंडळांत जे वाजविणारे तयार झाले, त्यांतील बहुतेकांनी संगीत विद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. त्यांचे विद्यालय म्हणजे मंडळातील जुना माणूस आणि अधूनमधून येणारा पट्टीचा भजनी. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांतील गोंड आणि कोलाम वस्त्यांत तर वाद्य हा वेगळा व्यवसायच मानलेला नाही. वाजविणारा आणि नाचणारा एकाच घेऱ्यातले असतात. हेच लोक सरकारी समारंभात बोलावले जातात तेव्हा त्यांची जागा पुष्कळदा प्रवेशद्वाराशी असते. पाहुणे आत जाईपर्यंत त्यांनी ढोल वाजवावा, आणि मग आतल्या मंचावर शहरातील वाद्यवृंद सुरू व्हावा! दोन्ही प्रकारच्या वादकांना एकत्र बसवून पाहावे, ही कल्पना संयोजकांना क्वचितच सुचते.

सप्ताहातील शाळा विनामूल्य आहे असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः तिचे शुल्क पखवाजी आपल्या श्रमाने भरीत असतो. कीर्तनकाराच्या हाती पाकीट जाते, पखवाज्याच्या हाती नारळ येतो. भक्तीच्या व्यवहारात याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण तेथे गावानेही जेवणावळीसाठी धान्य दिलेले असते, आचाऱ्यानेही आपले हात दिलेले असतात. सर्वांनीच काही दिलेले असल्यामुळे कोणाचे काही बुडत नाही. अडचण सुरू होते ती ही भक्तीची रीत बाजारात आणली जाते तेव्हा. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात, पुढाऱ्याच्या वाढदिवशी, हॉटेलच्या उद्घाटनाला संयोजक सर्वांचे पैसे चुकते करतो. मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, पाहुण्याचे, सर्वांचे. फक्त साथीदारापाशी आला की त्याला सप्ताहातला नारळ आठवतो.

आठ जणांचा कायदा

ज्या वादकाला लग्नसराई संपल्यावर काम नसते, तो संध्याकाळी बारमध्ये बसतो. महाराष्ट्रात बारमधील कलावंतांविषयी कायद्याने पुष्कळ विचार केला आहे असे भासते. २००५ साली राज्याने बारमधील नृत्यावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. त्यानंतर २०१६ चा नवा कायदा आला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक अटी काढून टाकल्या. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष एवढेच कलावंत असावेत अशी अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुष संख्येची ही वाटणी घटनाबाह्य ठरविली. एकूण आठांची मर्यादा ठेवता येईल, पण त्यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती हे परवाना देणाऱ्याने ठरवू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु सतरा वर्षांच्या या वादात कायद्याने जे मोजले ते पाहण्यासारखे आहे. मंचावरची माणसे मोजली, त्यांतील स्त्रिया मोजल्या, मंचापासून गिऱ्हाइकाचे अंतर मोजण्याचाही प्रयत्न झाला. त्या आठ जणांना रात्रीचे किती मिळावे आणि आजारी पडल्यास त्यांचे काय व्हावे, हा वादाचा मुख्य मुद्दा कधीच झाला नाही. नीतीचा प्रश्न आला की राज्यसंस्था जागी होते. मजुरीचा प्रश्न आला की ती मालक आणि कलावंत यांच्या खाजगी संबंधांचा आदर करू लागते. समाजवादी वाचकाला ही चाल नवी नाही.

बारमधील वादनाची कुचेष्टा करणे सोपे आहे. तेथे गाणी फर्माइशीची, ऐकणारे अर्धे शुद्धीत. पण त्या मंचावर रोज चार तास बसणाऱ्याच्या हाताला जी तयारी लागते ती पुष्कळ पदवीधरांपाशी नसते. गायिका ऐन वेळी पट्टी बदलते. काळी एकमधले गाणे काळी चारमध्ये उचलते, आणि कॅसिओवाल्याला डोळ्यांच्या खुणेवर तिच्याबरोबर जावे लागते. गिऱ्हाईक मध्येच दुसरे गाणे मागते, आणि ढोलकीचा दादरा दोन मात्रांत केरव्यावर आणावा लागतो. अशा वादकाजवळ उणीव असते ती दुसरीच. तो सतत वाजवितो. केव्हा थांबावे, केव्हा आवाज खाली न्यावा, गाणाऱ्याच्या श्वासाला जागा कोठे ठेवावी, हे त्याला बारमध्ये कोणी शिकवीत नाही, कारण बारमध्ये गप्प राहिलेले वाद्य म्हणजे फुकट गेलेला पैसा. मुरलेला कलावंत शेजारी येऊन बसला की पहिल्या पाच मिनिटांत तो हेच शिकवितो. तो स्वतः कमी वाजवितो. ते पाहून स्थानिकाचा हातही आपोआप हलका होतो.

आणि हे शिक्षण एका बाजूचे नसते. अनोळखी गावात, अनोळखी श्रोत्यांपुढे पाहुण्याला सांभाळून घेतो तो स्थानिकच. कोणते गाणे येथे चालते, कोणत्या ठेक्यावर ही माणसे माना डोलावतात, हे त्यालाच ठाऊक असते. पाहुण्याची चुकलेली जागा झाकणारा हातही त्याचाच असतो, आणि ती चूक श्रोत्यांच्या कानी न पोहोचणे हेच त्याच्या कामाचे यश. ज्या कामाचे यश न दिसण्यात आहे, त्याचे मोल बाजार कधीच आपण होऊन देत नाही. स्वयंपाकघरातील स्त्रीच्या कामाबद्दल समाजवादी चळवळीने हे सत्य फार पूर्वी मांडले आहे. साथीदाराला ते लागू करण्यास हरकत नसावी.

बंदी आणि पोट

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी मोठे आंदोलन केले आहे. 'स्वामिनी' या नावाने उभ्या राहिलेल्या त्या लढ्यामागे उद्ध्वस्त घरांचा अनुभव आहे. शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. अशा जिल्ह्यात बारमधील वाद्यवृंदाची कड घेणे म्हणजे बारची कड घेणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजू लागले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीयांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, आणि नंतर टेडी वेदरफर्ड यांच्यासारखा कसलेला पियानोवादक तेथे वाजवू लागला. चर्चच्या शाळेत सूरलेखन शिकून पोटासाठी मुंबईला आलेले गोमंतकीय वादक या मंडळींबरोबर बसले आणि त्यांतून तयार झाले. आन्तोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, हे त्यांतील गाजलेले नाव. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या मैफलींची रया गेली. तरीही हे वादक रस्त्यावर आले नाहीत, कारण शहरात दुसरा धनी उभा होता. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी सूरलेखन वाचू शकणारे वादक आणि संयोजक हवेच होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांसारख्यांनी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ घडविला. श्रेयनामावलीत त्यांना क्वचितच जागा मिळाली हा त्या कथेचा दुसरा भाग. गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा मोठा प्रयोग मुंबईत केला. पण सर्वसामान्य भारतीयाच्या तोंडी त्यांचे नाव बसले ते १९७७ च्या एका चित्रपटातील पात्रामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीत होते म्हणून एवढे तरी घडले.

यातून निघणारा बोध सरळ आहे. मुंबईत मद्याचा गुत्ता बंद झाला तरी वादक जगला, कारण त्याला दुसरे व्यासपीठ मिळाले. यवतमाळला चित्रपटांचे स्टुडिओ नाहीत. म्हणून बार बंद व्हावेत अशी मागणी करणाऱ्या चळवळीनेच वादकासाठी दुसरे व्यासपीठ मागितले पाहिजे. दारूच्या दुकानावर मोर्चा नेणारी स्त्री आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत गाऊन मुलांचे शिक्षण करणारी स्त्री, या दोघींना एकमेकींच्या विरुद्ध उभे करणे मालकाच्या सोयीचे आहे, चळवळीच्या नाही.

हार्लेममधील एक खोली

स्थानिकाने जाणत्याबरोबर विनामूल्य वाजवावे की नाही, या प्रश्नावर जगातील कामगार चळवळीतही वाद झालेला आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३८ साली हेन्री मिंटन नावाच्या सॅक्सोफोनवादकाने 'मिंटन्स प्लेहाउस' उघडले. पुढील दोन-तीन वर्षांत तेथे थेलोनियस मंक, केनी क्लार्क हे तरुण नेमलेल्या वाद्यवृंदात वाजवू लागले. रात्री आपापली कामे आटोपून डिझी गिलेस्पी, चार्ली ख्रिश्चन आणि कोलमन हॉकिन्ससारखे ज्येष्ठही तेथे येऊन बसत आणि पहाटेपर्यंत एकमेकांच्या सुरांची परीक्षा घेत. जॅझमधील 'बीबॉप' ही नवी शैली घडविण्यात त्या खोलीचा मोठा वाटा आहे.

या बैठकांना अमेरिकन वादकांच्या संघटनेचा विरोध होता. सभासदांनी मोबदल्याशिवाय क्लबमध्ये वाजविल्यास त्यांना दंड होत असे. संघटनेचा तर्क चुकीचा नव्हता. आज हौसेने फुकट वाजविले की उद्या मालक म्हणणार, फुकट वाजविणारे मिळत असताना पगारी वादक हवेत कशाला? मिंटन स्वतः संघटनेचे प्रतिनिधी राहिलेले असल्यामुळे त्यांच्या जागेकडे काणाडोळा झाला असे सांगतात. पण मिंटन्सची घडी आणखी एका कारणाने टिकली. तेथील नेमलेल्या वाद्यवृंदाला वेतन होते. फुकट येत असत ते पाहुणे. ज्यांचे पोट इतरत्र भरलेले होते ते हौसेने बसत, आणि ज्यांची ती रोजची जागा होती त्यांची मजुरी बुडत नसे. आपल्याकडील रीत याच्या नेमकी उलट आहे. येथे पाहुण्याला बिदागी आणि स्थानिकाला हौस!

याच अमेरिकन संघटनेने पुढे जे केले ते अधिक शिकण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रिकांमुळे प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांचे काम जात होते. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्या दोन वर्षांहून अधिक काळ अडून राहिल्या. अखेर नोव्हेंबर १९४४ पर्यंत त्यांना नमावे लागले, आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत भरण्याचे मान्य झाले. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने संघटनेच्या ताब्यातील असा निधी अडचणीत आणला. तेव्हा १९४८ च्या दुसऱ्या संपानंतर स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती निधी सोपविण्यात आला. त्या निधीतून उद्यानांत, शाळांत, रुग्णालयांत जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम होत आणि वाजविणाऱ्या स्थानिक वादकांना दर ठरवून मोबदला मिळे. ऐकणाऱ्याला फुकट, वाजविणाऱ्याला दाम. यंत्राने ज्याचे काम घेतले त्याचा वाटा यंत्राच्या नफ्यातून काढावयाचा, हे तत्त्व भांडवलशाहीच्या माहेरघरी मान्य करून घेतले ते संघटित वादकांनी.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे मूळ १९६६ साली दाखविले. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या दोघांनी रंगभूमी व संगीत यांच्या अर्थव्यवहारावरील ग्रंथात असे मांडले की, कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढत जाते, पण चार वादकांनी वाजवावयाची रचना दोनशे वर्षांनंतरही चारच वादकांनी आणि तेवढ्याच वेळात वाजवावी लागते. बाकीच्या धंद्यांतील वेतन वाढते. वादकाचेही वाढले पाहिजे, नाही तर तो धंदा सोडील. आणि वाढले तर प्रत्यक्ष संगीत महाग होत जाते. बाजाराने यावर शोधलेला उपाय यवतमाळच्या रस्त्यांवर दिसतो. वीस माणसांच्या बँड पार्टीऐवजी वाहनावर चढविलेला डीजे आणि एक चालक. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, तरी भिंती हादरतच आहेत. क्लॅरिनेट आणि युफोनियम वाजविणाऱ्या ज्या कुटुंबांतून, विशेषतः मातंग समाजातून, पिढ्यान्‌पिढ्या वादक निघाले, त्यांची मुले आज कोठे आहेत याची गणना झालेली नाही. ज्या समाजाला जातिव्यवस्थेने वाद्य वाजविण्याचे काम लावून दिले आणि ते वाजवितो म्हणून हीनही लेखले, त्याच समाजाच्या हातून ते वाद्य बाजाराने काढून घेतले. जातीने पहिला अन्याय केला, बाजाराने दुसरा. आणि दोन्ही वेळा त्या हातातील कौशल्याची किंमत शून्य धरली गेली.

आपल्या मांडवात

मग मागावयाचे काय? राज्य शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना १९५० च्या दशकापासून चालू आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत २०२४ साली मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. हे योग्यच झाले. पण ती योजना पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे वादकाची उमेदीची वर्षे सरल्यावर सुरू होते. पंचविशीतील ढोलकीवाल्याला मानधन नको, काम हवे. आणि ते काम करताना शेजारी शिकविणारा कोणी हवा. वाढत्या वयाला आधार देणारे राज्य उमेदीच्या वयाला रंगमंच देत नाही.

पहिली मागणी अशी असली पाहिजे की, शासन, जिल्हा परिषद, नगर परिषद यांच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक सांस्कृतिक कार्यक्रमात बाहेरच्या कलावंतावर जेवढा खर्च होईल त्याचा ठराविक हिस्सा स्थानिक साथीदारांच्या मोबदल्यासाठी राखून ठेवावा, आणि तो बँकेत जमा व्हावा. दुसरी अशी की, पाहुणा एक दिवस आधी यावा आणि त्या दिवशी जिल्ह्यातील वादकांबरोबर त्याची उघडी बैठक व्हावी. त्या दिवसाची बिदागी पाहुण्यालाही द्यावी आणि स्थानिकांनाही. आकाशवाणीचे केंद्र यवतमाळात आहे. अशा बैठकींचे ध्वनिमुद्रण तेथे होऊ शकेल, आणि त्यात वाजविणाऱ्या प्रत्येकाचे नाव उच्चारले जाईल. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य केला आहे. पण ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याने तो हक्क कोणत्या दारात मागावा? तिसरी मागणी साधी आहे. निमंत्रणपत्रिकेवर साथीदारांची नावे छापावीत, आणि ती 'व इतर' या दोन शब्दांत गुंडाळू नयेत.

यवतमाळला हे अशक्य नाही. या गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते, ज्यांची गीते महाराष्ट्राच्या प्रत्येक वाद्यवृंदाने वाजविली आहेत. २०१९ सालच्या संमेलनात उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की ओढवली, आणि अखेर उद्घाटन झाले ते जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते. निमंत्रण मागे घेण्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या दिवशी मंचावर जे बोलले गेले ते जिल्ह्याच्या आतून आलेले होते आणि देशाने ते ऐकले. पाहुण्यांची खुर्ची रिकामी झाल्यावरच स्थानिकाला मंच मिळावा, हा मात्र नियम होता कामा नये. दोन्ही खुर्च्या शेजारी मांडता येतात.

अखेरचा शब्द चळवळीतील माणसांसाठी. महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीने ही रीत एके काळी स्वतः चालविली होती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांसारख्या जाणत्या कवीच्या सहवासात नवशिकी मुले वाढली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे त्याच दलाच्या कलापथकांतून पुढे आले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगावातील कामगाराला शाहिराच्या शेजारी उभे केले. त्या काळी सर्वच जण फाटक्या खिशाने फिरत होते, म्हणून मोबदल्याचा प्रश्न निघाला नाही. आज परिस्थिती तशी नाही. आज सभेच्या मांडवाचे बिल दिले जाते, वाहनांच्या डिझेलचे दिले जाते, फलक छापणाऱ्याचे दिले जाते. सभेपूर्वी तासभर लोकांना धरून ठेवणाऱ्या गाणाऱ्या मुलांना मात्र "चळवळीचेच काम आहे" असे सांगून वडापाववर परत पाठविले जाते. जो पक्ष शेतमजुराच्या किमान वेतनासाठी मोर्चा काढतो, त्याच्याच मांडवात पखवाजी बिनपगारी असावा, ही विसंगती दुसऱ्या कोणी दाखवून देण्याची वाट पाहू नये.

यवतमाळ, वणी, पुसद या तीन ठिकाणी तरी कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील वाजविणाऱ्यांची यादी करावी. बँड पार्टीतले, भजनी मंडळातले, भीमगीतांच्या संचातले, बारमध्ये बसणारे, सर्वांचीच. त्यांना एका खोलीत बोलवावे, आणि सभेच्या खर्चाच्या पुढच्या अंदाजपत्रकात मांडव, डिझेल, फलक यांच्या खाली चौथी ओळ घालावी : साथीदारांचे मानधन. शासनाकडे जाणारे निवेदन त्यानंतर लिहावे. आपल्या वहीत ती ओळ नसेल, तर दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाही.